सातवा सामना, मुक्काम नरखेड तालुका

मे महिन्यात नागपूरजवळ थंड ठिकाण कोणतं, असं या ब्लॉगवर दर वर्षी कोणीतरी विचारतं. दर वर्षी मी चिखलदरा सांगतो, आणि तिथून परत आलेली मंडळी वर्षभर माझ्याशी बोलत नाहीत. यंदा वेगळं उत्तर आहे. यंदा मी बर्फ पाहायला नरखेड तालुक्यात गेलो होतो. त्या दिवशी पारा शेहेचाळीसच्या आसपास होता.

जायचं ठरवलं आईनं. नरखेड तालुक्यात तिचे थोरले भाऊ, माझे दिगंबर मामा, राहतात. वय अडुसष्ट, संत्र्याची सहा एकर बाग, घरात एकटे. मामी चार वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी वैशाली, म्हणजे आमची वैशू, लग्न होऊन कॅनडात. वैशूला आठवा महिना लागलेला. डॉक्टरनं तिला पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं, नवऱ्याची नोकरी पाळीची, आणि बाळंतपणाला माहेरचं कोणी हवं तर माहेरी उरलेत फक्त मामा. तिनं त्यांनाच बोलावलं. मामांनी आधी पासपोर्ट नाही म्हणून सांगितलं. तो तिनं काढवला. मग व्हिसा नाही म्हणाले. तोही आला. मग बाग सोडता येत नाही म्हणाले. शेवटी खरं बोलले, "बाळंतपणाले बाप जाते का कुठी?"

आता यात आइस हॉकी कुठून आली ते सांगतो. पडल्यापडल्या करायचं काय, म्हणून वैशू तिच्या शहराच्या टीमचे सामने पाहू लागली. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. मग मामाही इकडे सकाळी साडेसातला टीव्ही लावून, फोन स्पीकरवर ठेवून बसायला लागले. बाप-लेकीला बोलायला विषय नव्हता, तो मिळाला. खेळ सोपा आहे. बर्फावर दोन्ही बाजूंनी सहा-सहा जण, हातात काठ्या, चेंडूच्या जागी रबराची काळी चकती. हंगामाच्या शेवटी बाद फेरीत एकाच टीमशी जास्तीत जास्त सात सामने होतात, चार आधी जिंकेल ती पुढे जाते.

वैशूची टीम कशीबशी शेवटच्या क्रमांकावर बाद फेरीत शिरलेली. समोर वर्षभर सगळ्यांना धुऊन काढलेली निळ्या कपड्यांची टीम. पहिले तीन सामने निळ्यांनी जिंकले. तीन हरल्यावर पुढचे चारही जिंकणं फार क्वचित होतं, हे वैशूनंच मामांना सांगितलं होतं. म्हणून त्या दिवशी तिनं पुन्हा "बाबा, याल ना?" विचारल्यावर मामा लगेच म्हणाले, "तुही टीम इथून जिंकली त येतो." ती म्हणाली, "शब्द?" ते म्हणाले, "शब्द." आमच्याकडे नाही म्हणायचं असलं की 'घोड्याला शिंगं फुटली की येतो' म्हणतात. मामांनी फक्त घोडा बदलला होता.

टीमनं चौथा सामना जिंकला. मग पाचवा. मग सहावा.

सहाव्याच्या दुपारी आईनं माझ्या ऑफिसात फोन केला. "तू जाय. सातव्या मॅचले तिथं बस. तो शब्दाले पलटन, माहा भाऊ आहे, मले मालूम आहे."

शनिवारी दुपारी मी हुडकेश्वरहून निघालो. गणेशपेठच्या स्टँडवरून काटोलमार्गे नरखेडची एसटी मिळते. तिकीट खिशाला जड नाही. बायांना अर्धं आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, मी दोन्हींत बसत नाही. खिडकी डाव्या बाजूची घेऊ नका, काटोलपर्यंत ऊन त्याच बाजूनं असेल. उजवीची घेतली तरी फार फरक पडत नाही, कारण वारा सगळीकडून चुलीतला येतो. डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा ठेवावा. कांद्यानं लू लागत नाही असं म्हणतात. मला लागली नाही, पण शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे बसला. काटोलला बस पंधरा मिनिटं थांबते, तिथे आलूबोंडा खावा. त्यावर तर्री नको म्हणालात तर विकणारा तुम्हाला पुण्याचे समजतो.

काटोल सोडलं की दोन्ही बाजूंना संत्रा आणि मोसंबीच्या बागा सुरू होतात. फाट्यावर मामांचे शेजारी गजानन मोटरसायकल घेऊन उभे होते. त्यांची बाग मामांच्या बागेला लागून. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, मामांनी बजावलंय, लोक बर्फ पाहायला येतील म्हणून.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी बागेत फिरलो आणि हादरलो. झाडं मरायला टेकली होती. पानं सुकून आत वळलेली, कितीतरी खाली गळलेली, जमीन भेगाळलेली. माणूस एकटा पडला की बागही टाकतो, असं काहीतरी माझ्या मनात आलं. शेजारी विहिरीला पाणी दिसत होतं. मी बादली भरली आणि सगळ्यात वाईट दिसणाऱ्या झाडाच्या बुडाशी ओतली. दुसरी भरत होतो तेवढ्यात बांधावरून गजानन ओरडत आले.

"काय करून राह्यले गा भाऊ! ताणावर आहे बाग!"

मग त्यांनी मला, लहान पोराला सांगावं तसं, समजावलं. मृगाचा बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी महिना-दीड महिना मुद्दाम तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड सुकतं, पानं टाकतं, आणि मग नेमक्या दिवशी पाणी दिलं की सगळीकडून फुलतं. तो दिवस आधी आला तर नुसती पानं येतात, फूल नाही. उशिरा आला तर झाडच जातं. "रोज सकाळी झाड पाहा लागते. तुमच्या मामासारखा ताण पाहणारा या पट्ट्यात नाही," ते म्हणाले. "अजून आठ-दहा दिवस आहेत. आन तुमी बादली घेऊन आले."

मी ज्या झाडाला पाणी घातलं त्याला त्यांनी चिंधी बांधली. बिघडलेलं झाड वेगळं ओळखू यावं म्हणून.

रात्री जेवायला पाटोडीचा रस्सा आणि भाकर होती, मामांनी स्वतः केलेली. पाटोडी फुटली नव्हती. मी म्हणालो, "मामा, तुम्हाला तर सगळं येतं. वैशूकडे काहीच अडणार नाही." ते ताटाकडे पाहत म्हणाले, "झोप लवकर. सकाळी मॅच आहे."

सकाळी सातपासून माणसं जमायला लागली. मामांच्या खोलीत गावातला सगळ्यात मोठा कूलर आहे, खसाच्या जाळ्या लावलेला. सुरुवातीला लोक त्यासाठी यायचे. आता ते फाऊलवरून भांडतात. खेळाडूला शिक्षा म्हणून दोन मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात, तिला इथे कोठडी म्हणतात. कोपऱ्यातले एक आजोबा फक्त कोठडी पाहायला येतात, त्यांना गोलमध्ये रस नाही. टीव्हीवर पांढरा बर्फ, समोर कूलरचे तुषार, आणि मागच्या भिंतीला हात लावला तर चटका. तीन तास थंड वाटण्याची सोय म्हणून हे ठिकाण मी कोणालाही सुचवीन.

फोन टीव्हीखाली स्पीकरवर ठेवलेला. वैशू म्हणाली, "दादा, तू आलास? बरं झालं." मी खाटेवर बसलो. चौथ्या मिनिटाला निळ्यांनी गोल केला. थोड्या वेळानं दुसरा. मध्यंतरानंतर तिसरा.

गजाननांनी माझ्याकडे वळून अगदी सहज विचारलं, "भाऊ, तुमी या आधीच्या मॅचेस पाह्यल्या का?"

मी खरं सांगितलं. पहिल्या तीन ऑफिसला निघायच्या आधी मोबाईलवर पाहिल्या होत्या. तीन हरल्यावर वैताग आला, मग सोडून दिलं.

"म्हंजे तुमी पाह्यल्या त्या हरल्या. नाई पाह्यल्या त्या जिंकल्या. आज पाहून राह्यले."

पुराव्यात खोट काढता येईना. मी सरकारी नोकर आहे, कागद पक्का असला की मी वाद घालत नाही. कोपऱ्यातले आजोबा म्हणाले, "पनौती आहे. मनावर नोका घेऊ बाप्पा, पन बाहेर बसा." मी मामांकडे पाहिलं. ते टीव्हीकडे पाहत होते.

तर मग आइस हॉकीच्या सातव्या सामन्याचा पुढचा भाग मी मामांच्या अंगणात, कडुलिंबाखाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाहिला, म्हणजे ऐकला. सोबत ओला दुपट्टा, मठ्ठ्याचा लोटा आणि कांदा. समोर सुकलेली बाग. नऊ वाजले तशी खुर्ची मऊ पडायला लागली.

ऐकायला हा खेळ चांगला आहे. आधी बराच वेळ काही नाही. मग खोलीतून एकदम आरडाओरडा, आणि खिडकीतून गजाननांचं डोकं. "एक झाला! हालू नोका तिथून!" मी कशाला हलतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा. "दोन झाले! पानी पायजे का?" पाणी कोणी आणून दिलं नाही. शेवटचं एक मिनिट उरलं तेव्हा आपल्या टीमनं गोलकीपरलाच बाहेर काढून त्याच्या जागी अजून एक खेळाडू घातला. हा हरणाऱ्या टीमचा शेवटचा जुगार असतो, गोल उघडा टाकायचा आणि सगळ्यांनी पुढे जायचं. हे मला खिडकीतून कळलं. मी उठून उभा राहिलो होतो. मी देवाधर्मातला माणूस नाही, तरी ओठ हलत होते.

जो ओरडा झाला त्यानं कडुलिंबावरचे कावळे उडाले. तीन-तीन.

बरोबरी झाली की जास्तीचा वेळ देतात, आणि त्यात जो पहिला गोल करेल तो जिंकला. त्याआधी पंधरा मिनिटं विश्रांती असते. खोलीत चहा गेला, मला नाही. मी वैशूचा विचार करत होतो. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत ती याच अंगणात माझ्या मागे मागे फिरायची. मामी असती तर आतापर्यंत तिकडे जाऊन कॅनडाची चूल ताब्यात घेतली असती. एक गोल, फक्त एकच, की मामांना जावं लागणार होतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि मामा स्वतः बाहेर आले. अनवाणी, उघड्या डोक्यानं. माझ्या शेजारी उभे राहून त्यांनी बराच वेळ बागेकडे पाहिलं. एका झाडाची चिंधी हलत होती.

"चाल, आत बस," ते म्हणाले.

"मामा, मी पनौती आहे."

"मालूम आहे. चाल."

मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा इतका राग आला की मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो तसं बोललो. "तुम्हाला जायचं नसेल तर तिला तोंडावर नाही म्हणा. माझ्या खांद्यावर बंदूक कशाला ठेवता? ती तिकडे एकटी पडलीय."

मामा रागावले नाहीत. म्हणाले, "तू उठेपर्यंत मी इथून हालत नाही." आणि खरंच हलले नाहीत. अडुसष्ट वर्षांचा, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारा माणूस, दहाच्या उन्हात, तापलेल्या जमिनीवर अनवाणी. मी तीन मिनिटं हट्ट केला. चौथ्या मिनिटाला उठलो. आईला काय सांगणार होतो?

आत शिरल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच निळे कपडे घातलेत. गजानन उठून उभे राहिले. "भाऊ, हे काहून?"

"माहा भाचा आहे," मामा म्हणाले. "माह्या घरात बसन."

त्या सामन्यातला जास्तीच्या वेळेतला एकुलता एक गोल मी डोळ्यांनी पाहिला. दोन मिनिटंही झाली नव्हती. निळ्यांच्या एकानं लांबून, काही विशेष नाही अशी चकती मारली, ती आपल्याच खेळाडूच्या बुटाला लागली, वळली आणि रमतगमत गोलमध्ये गेली. बर्फावर निळी माणसं एकमेकांवर पडली. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. मग वैशू म्हणाली, "असू द्या बाबा. छान खेळले. तुमचा शब्द सुटला."

"हव," मामा म्हणाले. आणि फोन बंद झाला.

लोक एकेक करून उठले. मी खाटेच्या कडेला बसून आईला काय सांगायचं ते जुळवत होतो, आणि मला मामांचं तोंड पाहायची इच्छा नव्हती. ते दुपट्टा घेऊन बाहेर गेले. थोड्या वेळानं विहिरीकडून मोटरचा आवाज यायला लागला. मी बसूनच राहिलो, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अंगणात चपला घालणारे गजानन मात्र तसेच, एका पायात चप्पल घेऊन धावले. मग मीही धावलो.

बागेतल्या नळ्यांतून पाणी सुटलं होतं. भेगांमधून चर्र आवाज येत होता आणि मातीचा वास सुटला होता.

"भाऊ, ताण तोडला?" गजाननांचा आवाज चिरकला. "आठ दिवस राह्यले होते! यंदाचा बहार गेला ना गा!"

"जाऊ दे," मामा म्हणाले. "पानं येतील. झाड मरत नाही. संत्रा पुढच्या साली."

"पन काहून?"

"मी नसन त ताण कोन पाहीन? तुले आपली बाग पाहाची आहे. पानी कोनीबी देऊ शकते." मग ते माझ्याकडे वळले. "तुह्या मोबाईलवर तिकीट निघते का? या हप्त्यातलं पाह्य."

मी तिथेच, पायाखाली चिखल होत असताना तिकीट काढलं. रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख. जन्मतारीख विचारली तर म्हणाले, "पासपोर्टवर आहे ते टाक, खरी कोनाले मालूम?" गजानन कठड्याशेजारी मातीत बसले होते. बऱ्याच वेळानं ते उठले, काल मी पाणी घातलेल्या झाडाजवळ गेले आणि त्याची चिंधी सोडली.

परतीची एसटी दुपारची मिळाली. शिफारस करत नाही.

गुरुवारी मामा आमच्याकडे हुडकेश्वरला आले. आईनं रात्रीतून डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. अळीव, खारीक, बाळंतशोपा, सगळ्याच्या पुड्या बांधून तिनं वर मराठीत नावं लिहिली, म्हणजे विमानतळावरच्या साहेबाला वाचता येतील. मामा नव्या बुटांत जपून चालत होते. इथून विमान दिल्लीला, तिथून पुढचं. विमानतळ आमच्या घरापासून लांब नाही, तरी ते चार तास आधी निघायला बसले.

गाडीत आम्ही दोघंच होतो. मनीषनगरच्या पुढे सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलंच. "मामा, जायचंच होतं तर मला आत कशाला बोलावलं? टीम जिंकली असती ना."

ते काचेतून बाहेर पाहत होते. "जिंकली असती त काय झालं असतं?"

"तुम्ही गेला असता."

"हव. आन पोरीच्या मनात काय राह्यलं असतं? बाबा शर्त हारले म्हणून आले. लेकराले मोठं झाल्यावरबी तिनं हेच सांगतलं असतं, टीम जिंकली म्हणून आजोबा आले होते." सिग्नल सुटला होता, मागून हॉर्न वाजत होते. "तीन-तीन झाले तवा मी घाबरलो ना गा. म्हटलं आता हे पोट्टे जिंकतात."

मी गाडी काढली. विमानतळावर आत जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पनौती बिनौती काही नसते." दोन पावलं गेले, परत वळले. "पन पुढच्या साली मॅच पाहू नोको."

घरी आलो तेव्हा आई डिंकाच्या परातीला लागलेलं खरवडत होती. मामा आत गेले, सगळं नीट झालं, असं सांगितलं. तिला हॉकीतलं काही कळत नाही. सामन्याचं तिनं त्या दिवशी विचारलंच नव्हतं, भाऊ निघाला म्हणजे टीम जिंकली असं तिनं धरून चाललेलं.

"लय चांगली टीम आहे बाप्पा ते," ती म्हणाली. "जिंकली म्हणून तरी दादा गेला."

"हरली आई."

तिचा हात परातीत थांबला. "हरली? मंग गेला कसा?"

मी सांगितलं. कडुलिंब, खुर्ची, मोटर, सिग्नल, सगळं. ती ऐकत राहिली. मग पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा परात खरवडायला घेतली.

"तसाच आहे थो," ती म्हणाली. "सांगतलेलं काम त्यानं जन्मात केलं नाही. मायनं मारलं तरी नाही. आन न सांगता सारं केलं."

मग परातीतला उरलेला एक ओबडधोबड लाडू तिनं माझ्या हातावर ठेवला.